उपकारस्तुती आणि मिंधेपण : संकटकाळातील मराठी ख्रिस्ती मंडळीच्या कृतज्ञताभावाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती उपासनेत 'उपकारस्तुती' हा शब्द इतका रुळलेला आहे की त्याच्या घडणीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या रविवारच्या उपासनेत, घरगुती प्रार्थनासभेत, बारशाला, गृहप्रवेशाला, आजारातून उठल्यावर, इतकेच नव्हे तर मृताच्या स्मरणार्थ होणाऱ्या सभेतही हा शब्द उच्चारला जातो. 'उपकार' आणि 'स्तुती' हे त्याचे दोन घटक. यातील दुसऱ्या घटकाविषयी फारसा वाद संभवत नाही. पहिला घटक मात्र अडचणीचा आहे. मराठी माणसाच्या तोंडी उपकार येतात ते बहुधा 'ओझे' या शब्दाला सोबत घेऊन. उपकार फेडायचे असतात, उपकारातून उतराई व्हायचे असते आणि ते जमले नाही तर माणूस 'मिंधा' होतो. देवाच्या उपकारांचे स्तवन आणि माणसाच्या उपकारांखालील मिंधेपण या दोन गोष्टी भाषेने अशा एकमेकींच्या शेजारी आणून ठेवल्या आहेत.

प्रस्तुत लेखात या शेजाराचा विचार करावयाचा आहे. संकटकाळात ख्रिस्ती मंडळीने कृतज्ञ असावे, ही शिकवण नवी नाही. दुष्काळ, प्लेग, विस्थापन आणि अलीकडे २०२० पासूनची करोनाची साथ अशा प्रत्येक प्रसंगी ती व्यासपीठावरून सांगितली गेली आहे. प्रश्न असा की, ही कृतज्ञता समूहाला उभे करते की गप्प करते? हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा नसून मराठी साहित्याचाही आहे, कारण त्याची उत्तरे पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनातून व जीवनक्रमातून शोधता येतात. या तिघांवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. मात्र त्यातील बराचसा भाग धर्मांतराच्या घटनेभोवती फिरतो. धर्मांतरानंतर ही माणसे ज्या मंडळीत जगली, तिच्यात उपकारांचा व्यवहार कसा चालत होता, याकडे समीक्षेचे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे.

येथे 'मंडळी' हा शब्दही लक्षात घेण्याजोगा आहे. चर्च या संस्थेसाठी मराठी ख्रिस्ती समाजाने स्वीकारलेला हा शब्द आपल्या घरगुती बोलीतलाच आहे. 'मंडळी जमली' असे आपण लग्नघरातही म्हणतो. इमारत किंवा अधिकारपद यांच्याआधी जमलेली माणसे दाखविणारा हा शब्द प्रस्तुत विवेचनाला अनुकूल आहे.

शास्त्रातील आधार आणि एक व्याकरणाचा मुद्दा

संकटातील कृतज्ञतेचा उपदेश करताना सामान्यतः पौलाच्या पत्रांचा आधार घेतला जातो. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील वचन तर बहुतेकांना पाठ असते. त्या वचनातील रोख 'सर्व परिस्थितीमध्ये' असा आहे, 'सर्व परिस्थितीबद्दल' असा नाही. मूळ ग्रीकमध्ये हा भेद आहे आणि मराठी भाषांतरातही सप्तमीच्या प्रत्ययाने तो टिकला आहे. दुष्काळात आभार मानणे वेगळे आणि दुष्काळाबद्दल आभार मानणे वेगळे. अर्थात इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात 'सर्वांबद्दल' असाच रोख आहे, हे मान्य करावे लागते. त्यामुळे केवळ एका विभक्तिप्रत्ययावर सारा डोलारा उभारणे योग्य होणार नाही.

अधिक भक्कम आधार जुन्या करारात सापडतो. आभारासाठी हिब्रू भाषेत 'तोदा' हा शब्द आहे. आभार, कबुली आणि आभाराचे अर्पण या तिन्ही अर्थांनी तो येतो. स्तोत्रसंहितेतील आभाराची स्तोत्रे पाहिली तर त्यांत आधी संकटाचे वर्णन असते, पुष्कळदा तपशिलाने केलेले असते, आणि मग सुटकेचे कथन येते. संकट वगळून आभार मानण्याची रीत तेथे नाही. बाविसावे स्तोत्र तर देवाने आपणास टाकले या आक्रोशाने सुरू होते आणि सभेच्या मध्ये केलेल्या स्तवनाकडे जाते. 'सभेच्या मध्ये' हे महत्त्वाचे आहे. लेवीय या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात उपकारस्तुतीच्या अर्पणाविषयी एक नियम दिला आहे: त्या यज्ञाचे मांस त्याच दिवशी खाऊन संपवावे, सकाळपर्यंत त्यातले काही ठेवू नये. एका कुटुंबाला एका दिवसात एवढे संपविणे अवघडच. साहजिकच शेजारीपाजारी, आप्त, दारातला गरीब यांना बोलवावे लागणार. कृतज्ञता एकट्याने उरकू नये याची तजवीज येथे थेट स्वयंपाकघरातच केलेली दिसते.

उलट, लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील परूशी आपली प्रार्थना आभारानेच सुरू करतो. मी इतरांसारखा नाही, याबद्दल तो देवाचे आभार मानतो. प्रभू येशूने हा दाखला सांगून आभाराच्या एका प्रकारास स्पष्टपणे नाकारले आहे. संकटकाळात हाच प्रकार सर्वांत लवकर बळावतो. शेजारच्या घरात मृत्यू झाला आणि आपले घर वाचले, म्हणून मानलेले आभार कोणत्या जातीचे असतात, याचा विचार व्यासपीठावरून क्वचितच केला जातो.

दुष्काळ, मिशन आणि रमाबाई

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रावर लागोपाठ आपत्ती कोसळल्या. १८९६-९७ चा दुष्काळ, त्याच सुमारास मुंबई-पुण्यात आलेला प्लेग आणि लगेच १८९९-१९०० चा दुष्काळ. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालू होते. दुष्काळात मिशनने अनाथ मुलांना आश्रय दिला, कामे काढली, धान्य वाटले. मिशनरी रॉबर्ट ए. ह्यूम यांना दुष्काळनिवारणाच्या कार्याबद्दल १९०१ मध्ये कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले. या काळात मंडळीत आलेल्या लोकांना पुढे 'दुष्काळातले ख्रिस्ती' असे हिणविण्यात आले, आणि पोटासाठी धर्म बदलला हा आरोप त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही ऐकावा लागला. या आरोपाची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्याची दुसरी बाजू मात्र कमी बोलली जाते. जी मंडळी दुष्काळात वाचली, तिच्याकडून वाचविणाऱ्यांनी कायमच्या कृतज्ञतेची अपेक्षा धरली. बाहेरचा समाज ज्याला लाचारी म्हणत होता, त्यालाच मिशनच्या आवारात कृतज्ञता हे नाव होते. दोन्हीकडून त्या माणसाची मान खालीच राहणार होती.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत ही गुंतागुंत विशेष स्पष्टपणे दिसते. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण एकामागून एक गेले. उपासमार त्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि तेथील भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार ए. बी. शाह यांनी संपादित केला असून तो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. सदर पत्रे वाचताना एक गोष्ट सातत्याने जाणवते. वाद वरवर त्रैक्याच्या सिद्धांताचा, चर्चच्या अधिकाराचा, रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही याचा आहे. त्याच्या तळाशी मात्र अपेक्षा अशी आहे की, जिला आश्रय दिला तिने ऐकावे. रमाबाईंनी प्रेम आणि ऋण दोन्ही मान्य केले, पण सदसद्विवेकबुद्धी कोणाकडे गहाण टाकण्यास नकार दिला. समोरच्या पक्षाला यात अहंकार दिसला. आश्रितेने स्वतःचे मत बाळगणे हे उपकारकर्त्याला नेहमीच कृतघ्नपणासारखे वाटते.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या हजारांच्या पुढे गेली. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, हातमाग चालले, छापखाना सुरू झाला. आधी आलेल्या मुलींनी नंतर आलेल्या मुलींची देखभाल केली. मुक्ती सदनाच्या व्यवस्थेतील हा भाग समीक्षकांनी अधिक गंभीरपणे घ्यावयास हवा. ज्या मुलीला काल कोणी उचलून आणले, ती आज दुसरीला न्हाऊमाखू घालते. तिच्यावरील उपकार दात्याकडे परत जात नाहीत, ते पुढे सरकतात. अशा व्यवहारात मिंधेपण टिकून राहणे कठीण असते, कारण घेणारीला देणारी होण्यास वेळ लागत नाही.

रमाबाईंचे १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मनिवेदन मराठीत 'माझी साक्ष' या नावाने परिचित आहे. त्यातील प्रधान सूर कृतज्ञतेचा आहे. कधीही न संपणाऱ्या ठेव्याची कल्पना त्यात केंद्रस्थानी आहे. या निवेदनात दुष्काळ प्रामुख्याने ईश्वरी योजनेच्या संदर्भात येतो, राज्यव्यवस्थेच्या संदर्भात येत नाही, असा आक्षेप घेता येईल आणि तो काही अंशी खराही आहे. पण रमाबाईंच्या एकूण लेखनव्यवहारावर हा आक्षेप लादता येणार नाही. १८९७ मध्येच, पुण्यातील सरकारी प्लेग रुग्णालयात आणि विलगीकरणाच्या छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रातून जाहीर तक्रार केली. त्यांच्या देखरेखीखालील एका मुलीच्या संदर्भात ही तक्रार होती. तिचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले आणि सरकारने ती खोडून काढण्याचा प्रयत्न केला. म्हणजे ज्या वर्षी त्या मुलींना वाचवून देवाची उपकारस्तुती करीत होत्या, त्याच वर्षी त्या सरकारला जाबही विचारत होत्या. या दोन कृतींत त्यांना विरोध जाणवला नाही. नंतरच्या भक्तिपर चरित्रांतून पहिली कृती ठळक होत गेली आणि दुसरी पुसट झाली. परिणामी मंडळीच्या स्मरणात उरलेल्या रमाबाई मूळ रमाबाईंपेक्षा बऱ्याच सौम्य आहेत.

टिळक : मिशनपासून दरबाराकडे

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यानंतरचा त्यांचा बराच काळ अहमदनगर परिसरात, अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत गेला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, ही त्यांची भूमिका सुपरिचित आहे. उपकारस्तुतीच्या संदर्भात या भूमिकेचा एक परिणाम नोंदविणे आवश्यक वाटते. टिळकांच्या अभंगांतून व गीतांतून ख्रिस्त वारंवार माऊलीच्या आणि गुरूच्या रूपात येतो. परदेशी स्तोत्रांच्या भाषांतरांतून आलेला ख्रिस्त बहुधा राजा, तारणारा, ऋण फेडणारा असा असे. ऋणाची भाषा आली की धनको आणि ऋणको आले. आईच्या बाबतीत मराठी भाषा वेगळी वागते. आईचे उपकार फिटत नाहीत असे आपण म्हणतो, पण त्यामुळे कोणी आईचा मिंधा होत नाही. आईचे पांग फेडावेत असे वाटते, तरी तिच्याशी भांडण्याचा हक्कही राहतो. वारकरी संतांनी विठ्ठलाशी केलेली भांडणे याच हक्कातून आली आहेत. टिळकांनी हा नातेभाव मंडळीच्या गायनात आणला. त्यांच्याआधी अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालीच्या गीतांना आणि ख्रिस्ती कीर्तनाला वाट करून दिली होतीच. टिळकांच्या हाती ती वाट प्रशस्त झाली.

काव्यात झालेले हे परिवर्तन व्यवहारातही उतरावे, अशी टिळकांची धडपड होती. मिशनच्या पगारावर, मिशनच्या निर्णयांवर आणि मिशनच्या पद्धतींवर चालणारी मंडळी ही स्वतःच्या पायावर उभी नाही, हे त्यांना सलत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशन सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' या नावाने नवा प्रयोग सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोहोंनाही त्यात स्थान होते. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले, त्यामुळे या प्रयोगाला पुरता अवधी मिळाला नाही. याकडे सामान्यतः राष्ट्रीय वृत्तीचा आविष्कार म्हणून पाहिले जाते आणि ते बरोबरच आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यात आणखी एक आशय आहे. देवाची स्तुती आणि मिशनचे उपकार यांची जी गाठ पडली होती, ती सोडविण्याचा हा प्रयत्न होता. मिशनविषयी कटुता न ठेवता मिशनच्या उपकारांतून मोकळे होणे, असे त्याचे वर्णन करता येईल.

तथापि येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. टिळकांना मिशन सोडता आले. ते चित्पावन ब्राह्मण, नामांकित कवी, मराठी वाङ्मयात मान असलेले गृहस्थ होते. नगर जिल्ह्यातील खेड्यांमधून महार व मांग समाजांतून ख्रिस्ती झालेल्या सामान्य कुटुंबाला हा पर्याय नव्हता. मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, मिशनची शिक्षकाची नोकरी एवढाच त्याचा आधार होता, आणि गावातल्या विहिरीवरचा मज्जाव बाप्तिस्म्याने उठत नव्हता. अशा कुटुंबाच्या दृष्टीने 'मिंधेपण सोडा' हा उपदेश काहीसा चैनीचा ठरतो. देवाच्या दरबाराची प्रशंसा करणाऱ्या समीक्षेने ही मर्यादा बहुधा नोंदविलेली नाही.

'स्मृतिचित्रे'तील सांगण्याची रीत

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागश: प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान वादातीत आहे. त्यातील विनोद, साधी भाषा आणि अहंकाराचा अभाव यांविषयी सर्वांनीच लिहिले आहे. वर्गात हे पुस्तक शिकविताना विद्यार्थी सर्वांत आधी हसतात, हा प्रस्तुत लेखकाचा दरवर्षीचा अनुभव आहे. मात्र हे पुस्तक ख्रिस्ती साक्षीच्या परंपरेत ठेवून वाचले तर त्याचे वेगळेपण अधिक उठून दिसते.

ख्रिस्ती साक्षीचा एक ठरलेला आकृतिबंध असतो. पूर्वी अंधार, मग संकट, मग प्रभूचा हात आणि अखेर आभार. लक्ष्मीबाईंकडे सामग्री या आकृतिबंधाला पुरेल अशीच होती. सोवळ्याओवळ्याच्या छळातले बालपण, पतीच्या धर्मांतराने झालेली ताटातूट, माहेर-सासरची कुचंबणा, पुन्हा एकत्र आल्यावरचे दारिद्र्य, दुष्काळ, प्लेग, अखेरीस वैधव्य. पण त्या आकृतिबंधात लिहीत नाहीत. संकटाचा प्रसंग आला की त्या त्या प्रसंगातील माणसांकडे वळतात. कोणी काय आणून दिले, कोण काय बोलले, कोणी दार उघडले आणि कोणी लावून घेतले, घरात किती पीठ होते, टिळकांनी ते कोणाला देऊन टाकले. आभाराचे स्वतंत्र परिच्छेद फारसे येत नाहीत. ज्याने मदत केली त्याचे चित्र मात्र इतके हुबेहूब येते की आभार वेगळे मानण्याची गरज उरत नाही. नाव घेणे हीच येथे कृतज्ञतेची रीत आहे. पुस्तकाच्या नावातच 'स्मृती' आणि 'चित्र' आहेत, हे या दृष्टीने सूचक म्हणावे लागेल.

दुसरे असे की, लक्ष्मीबाई तक्रार लपवीत नाहीत. टिळकांच्या औदार्याची झळ त्यांच्या स्वयंपाकघराला बसत होती, आणि ते त्या बिनदिक्कत सांगतात. दुष्काळाच्या दिवसांत पोरकी मुले घरी आली, ती वाढवताना स्वतःची किती दमछाक झाली, हेही सांगतात. ईश्वरी कृपेचे कथन करताना गैरसोयीचे तपशील गाळावेत, ही भक्तिपर लेखनातील सवय त्यांना लागलेलीच नाही. घरचा कर्ता पुरुष देवाच्या भरवशावर उदार होतो, तेव्हा त्या भरवशाचा जमाखर्च घरातल्या बाईला जुळवावा लागतो. ख्रिस्ती कृतज्ञतेच्या चर्चेत ही बाजू 'स्मृतिचित्रे'इतक्या स्पष्टपणे अन्यत्र क्वचितच आली असेल. टिळकांची स्तोत्रे मंडळीत गायिली जातात, लक्ष्मीबाईंचे गद्य विद्यापीठात वाचले जाते, आणि या दोन्हींची गाठ सहसा पडत नाही. ती पडायला हवी होती. स्तोत्रातल्या विश्वासाची किंमत कोणी आणि कशी चुकविली, हे गद्य वाचल्याशिवाय कळत नाही.

या लेखनातील विनोदाचाही पुन्हा विचार व्हावा. लाचार माणसाचा विनोद वरच्याला खूश करण्यासाठी असतो. लक्ष्मीबाईंच्या विनोदात नवरा, मिशनरी, शेजारी, नातलग आणि स्वतः त्या, सारेच सापडतात. ज्यांच्या उपकाराखाली आहोत त्यांच्याकडे पाहून हसण्याची मोकळीक जिथे आहे, तिथे ऋण मान्य करूनही माणसाची मान ताठ राहू शकते.

निर्मळ आणि 'अनुवाद' सव्वीस

कृतज्ञता आणि कथन यांचा हाच संबंध वेगळ्या मार्गाने मांडणारे विचारवंत म्हणजे दलित ख्रिस्ती धर्मशास्त्राचे प्रवर्तक अरविंद पी. निर्मळ (१९३६-१९९५). महाराष्ट्रात जन्मलेल्या निर्मळांनी १९८० च्या दशकात बंगळूर व चेन्नई येथून केलेली मांडणी मराठी साहित्यसमीक्षेच्या फारशी परिचयाची नाही, ही खेदाची बाब आहे. 'अनुवाद' या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायातील विधी त्यांनी आपल्या मांडणीसाठी आदर्श म्हणून घेतला. पहिल्या पिकाची टोपली घेऊन शेतकरी याजकापुढे येतो. हा आभाराचाच विधी आहे. पण टोपली ठेवताना त्याला जे बोलायचे आहे, ते थेट पिकाविषयी नाही. आपला पूर्वज भटका होता, मूठभर लोकांनिशी तो परक्या देशात गेला, तेथे आम्हांला छळले, आम्ही ओरडलो आणि देवाने ते ऐकले, असे त्याने म्हणावयाचे आहे. छळ हा शब्द त्या आभारात अनिवार्य आहे. निर्मळांनी यातून असे दाखविले की, दलित ख्रिस्ती माणसाने आपला दलितपणा विसरून नव्हे, तर तो सांगूनच विश्वासाची कबुली द्यावी.

आपल्या मंडळ्यांत नेमके याच्या उलट घडत आले. जात सांगणे हे जुन्या जीवनाकडे वळणे मानले गेले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती व मुस्लिम दलित मात्र बाहेरच राहिले. यावर मंडळीतून आवाज उठला, पण 'प्रभूने एवढे दिले, आता सरकारकडे काय मागायचे' हा युक्तिवादही मंडळीतूनच ऐकू आला. कृतज्ञतेचा असा वापर करणाऱ्याने 'अनुवाद' सव्वीस पुन्हा वाचावा. त्या विधीतील शेतकरी टोपली अर्पण करून तक्रारीचा इतिहास मिटवीत नाही. शिवाय विधीच्या शेवटी लेवी आणि परदेशी यांच्यासह आनंद करण्याची आज्ञा आहे आणि पुढील वचनांत अनाथ व विधवा यांचा वाटा वेगळा काढण्यास सांगितले आहे. वाटा म्हटले की हिशेब आला, आणि हिशेब मागता येतो.

मिझोराममधील मंडळ्यांची 'बुहफाई थाम' ही पद्धत येथे जाता जाता नोंदवावीशी वाटते. १९१० पासून तेथील स्त्रिया प्रत्येक जेवणाच्या वेळी तांदळाची एक मूठ मंडळीसाठी बाजूला काढीत आल्या. संपन्न परदेशी देणगीदाराऐवजी रोजच्या भातातून उभी राहिलेली ही मंडळी टिळकांना पाहावयास मिळाली असती तर त्यांना निश्चित आनंद झाला असता.

आगेरा, वसई आणि करोनानंतरची उपासना

पिकाच्या टोपलीचा विधी मराठी मुलखात आजही होतो. वसई आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन कॅथलिक समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' साजरा होतो. भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेल्या जातात, त्यांना आशीर्वाद दिला जातो. मुंबईतील अनेक गावठाणांभोवती आता शेते उरलेली नाहीत. तरीही तेथे आगेरा होतो, आणि त्यात परंपरेचा अभिमान असतो. जमीन गेल्यानंतर पिकाबद्दल मानलेले आभार हा विधी म्हणून सुंदर असला तरी 'तोदा'च्या कसोटीवर तो अपुरा राहतो, कारण शेत कसे गेले, कोणाला गेले, याचा उच्चार त्या विधीत नाही. याबाबतीत वसईचा अनुभव वेगळा आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या 'हरित वसई' चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्यासोबत धर्मग्रामांतील शेतकरी, बागायतदार, स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. पाणी, झाडे आणि शेतजमीन वाचविण्याची ही लढाई होती, आणि तिला बिल्डर व गुंड यांच्या दहशतीशी सामना करावा लागला. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते आणि ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे (उस्मानाबाद, २०२०) अध्यक्ष असलेल्या दिब्रिटो यांचे २०२४ मध्ये निधन झाले. मातीबद्दलची कृतज्ञता ही माती वाचविण्याच्या कृतीत उतरली, एवढी एकच गोष्ट त्या चळवळीतून घेतली तरी पुरे.

२०२० च्या मार्चपासून महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे बंद झाली. १६ नोव्हेंबर २०२० रोजी ती उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा खुली झाली. उघडल्यानंतर सर्वत्र उपकारस्तुतीच्या उपासना होणे स्वाभाविक होते. प्रस्तुत लेखकाने उपस्थित राहून पाहिलेल्या अशा काही उपासनांत दोन तऱ्हा दिसल्या. एका तऱ्हेत जे वाचले त्यांनी उठून साक्षी दिल्या. प्राणवायूची पातळी किती खाली गेली होती, खाट कशी मिळाली, इंजेक्शन कसे मिळाले आणि देवाने कसे राखले, हे सांगितले गेले. ज्यांच्या घरातला माणूस गेला होता ते शेवटच्या बाकांवर बसून ऐकत होते, आणि त्यांना उठून सांगण्यासारखे त्या सभेत काही नव्हते. परूशाचा दाखला येथे कोणी मुद्दाम गिरवीत नव्हते, साक्षी मनापासूनच्या होत्या. तरीही सभेची रचनाच अशी होती की ज्याला मिळाले तोच बोलू शकत होता.

दुसरी तऱ्हा एका लहान खेड्यातील मंडळीत दिसली. तेथे पाळकांनी आरंभी मंडळीतील मृतांची नावे वाचली. नंतर विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायाचे वाचन झाले, आणि तेही केवळ प्रभूच्या दयेच्या त्या प्रसिद्ध वचनांपुरते मर्यादित नव्हते. त्याआधीच्या कडू वचनांपासून ते सुरू झाले. मग कोणाच्या घरी कोणी डबा पोहोचविला, दफनासाठी कोण पुढे आले, त्यांची नावे घेतली गेली. त्यांत मंडळीबाहेरचे शेजारीही होते, सरकारी दवाखान्यातील परिचारिकाही होत्या. दवाखान्यात खाटा का नव्हत्या, असा प्रश्न एका वृद्ध बाईंनी प्रार्थनेतच विचारला, आणि त्यांना कोणी थांबविले नाही. अर्पणाच्या वेळी दोन विधवांच्या मुलांच्या शाळेच्या शुल्कासाठी वेगळी पिशवी फिरविली गेली. मग टिळकांचे गीत म्हटले गेले. उपासना नेहमीपेक्षा लांबली, आणि नंतर आवारात सर्वांनी मिळून जेवण केले.